भावकूच्या चपलेची भोकं

भावकूच्या चपलेला भोकं असतात. झिजून पडलेली नव्हेत, कापून काढलेली. टाचेखाली दोन, चवड्याखाली एक, नाण्याएवढी गोल. पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या चिखलात त्याचं पाऊल उमटलं की त्यात मातीच्या तीन पुऱ्या उठलेल्या दिसतात, आणि शाळेला निघालेली पोरं त्या बघून म्हणतात, "भावकू आलता. कुणाचा तरी नळ गळतोय."

त्या भोकांमधलं कातडं कुठं जातं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते लोकांच्या नळांत जातं. भावकू आमचा प्लंबर, आणि रबराच्या वायसरवर त्याचा काडीचा विश्वास नाही. "बाई, रबर म्हंजे दिवाळसणाचा जावई," तो मला सांगतो. "चार दिस गुमान ऱ्हातंय, मग रुसतंय. कातडं म्हंजे घरचा बैल. तेल पाजत ऱ्हावा, बारा वर्सं वडतंय." तो कोल्हापुरी चप्पल घेतो, सहा महिने पायात घालून चांगली मळवतो, आणि मग तिच्यातून एकेक चकती कापून तेलाच्या डबीत मुरत टाकतो. पायाखाली राहिलेलं कातडं भार सोसायला शिकतं, मग ते पाण्याच्या जोराला दाद देत नाही, असं त्याचं शास्त्र. मी निपाणीच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवते. या शास्त्राला पुरावा काय, असं मी त्याला एकदा विचारलं. त्यानं आमच्या मोरीतल्या नळाकडे बोट दाखवलं. तो नळ एकोणीस वर्षांत एकदाही गळला नव्हता. मी गप्प बसले, आणि मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. भावकूवर मी जितकी चिडले असेन तितकी नवऱ्यावरही चिडले नसेन. "उद्या येतो" म्हणाला की तो परवा येणार. फोन करावा तर लागत नाही. आमचं गाव कोगनोळीच्या नाक्यालगत, इथं फोन घडीत कर्नाटकचा टॉवर धरतो, घडीत महाराष्ट्राचा. भावकू सगळं त्याच्यावर ढकलून मोकळा. "तुमी फोन केलासा तवा मी महाराष्ट्रात हुतो बाई," असं तो तोंड वर करून सांगतो, आणि तेव्हा तो असतो तीन घरं पलीकडं, रायाप्पा अण्णांच्या ओट्यावर चहा पीत.

तो मूळचा जांबोटीकडचा. डोंगरातल्या त्यांच्या घराला नळ नव्हता, पण पाणी दारात यायचं. वरच्या झऱ्यापासून घरापर्यंत पोफळीचे चिरलेले सोट एकाला एक लावून पन्हळ केलेली, आणि ती पन्हळ राखणं हे लहानपणी भावकूचं काम. कुठं पानं अडकली, कुठं गाईनं शिंग लावून सोट पाडला, की पळत जाऊन तो नीट करायचा. "पाण्यावर जबरदस्ती चालत न्हाय. उतार दावला की त्ये आपणहून येतंय," एवढी एकच विद्या घेऊन तो पस्तीस वर्षांपूर्वी निपाणीला आला आणि तंबाखूच्या वखारीत हमाली करू लागला. एकदा वखारीतला पाइप फुटला. फिटर येईपर्यंत भावकूनं सुतळी आणि गोणपाट गुंडाळून तो असा बांधून ठेवला की आलेल्या फिटरनं पाइपाच्या आधी यालाच हेरलं. तेव्हापासून पान्हा त्याच्या हातात आहे. बायको मंगल इथलीच. ती म्हणते, माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण धडकी चप्पल घातलेला नवरा मी फक्त लग्नातच बघितला.

त्याची एक रीत आहे. कुठंही नवा नळ बसवला की पहिलं पाणी तो घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईच्या हातावर सोडतो. घराचा मालक समोर उभा असला तरी त्याच्याकडे बघत नाही. आत हाक मारतो, "थोरल्या आक्का कुठं हायत? हात फुडं करा." जिनं जन्मभर डोक्यावरनं पाणी वाहिलं, तिच्या हातावर ते आधी पडलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ती बाई हसल्याशिवाय तो हत्यारं आवरत नाही. सगळ्या गावात त्याची ही रीत चालली. अडून राहिली ती फक्त आमच्या घरी, कारण आमच्या घरातली थोरली बाई म्हणजे माझ्या सासूबाई, राजमती. एकोणीस वर्षांपूर्वी भावकूनं त्यांना हात पुढे करायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "जे पाणी मी तोंडात घालत न्हाय, ते कौतुकानं हातावर कशाला घिऊ रं?"

आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नेम असा. पाणी प्यायचं ते अंगणातल्या आडाचंच. ते उपसायचं, जाड कापडाची दुहेरी घडी करून गाळायचं, आणि मग ते कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं. त्या धुवणात पाण्यातले बारीक जीव असतात. त्याला आम्ही जैन लोक जिवाणी म्हणतो. ती कुठंही फेकायची नाही, ज्या आडातले जीव त्याच आडात परत सोडायचे, तेही वरून ओतून नाही. बादली पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि मग हळूच कलंडायची. शिवाय गाळलेलं पाणी दोन घटका चालतं, म्हणजे पाऊण तास. त्यानंतर पुन्हा गाळायचं. लग्न होऊन आले तेव्हा विज्ञानाची पदवी घेतलेली मी या सगळ्याला हसले होते. मग एकदा शाळेत मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली आमच्याच आडाचं पाणी दाखवलं. त्यातली वळवळ बघून घरी आले आणि माझं हसणं बंद झालं.

गेल्या डिसेंबरात आत्याबाई आडाकडं जाताना पायऱ्यांवरून घसरल्या. अंगणात उतरायला पाचच पायऱ्या, पण खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरा, पायरी उतरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सकाळ-संध्याकाळ मी पाणी उपसून, गाळून द्यायची. पण विनय, म्हणजे माझे यजमान, आणि मी दोघंही साडेआठला घर सोडतो. मधल्या दिवसाला उकळून ठेवलेलं पाणी चालतं, पण त्याला चुलीची चव लागते म्हणून त्या घोटभरच घ्यायच्या. एप्रिलच्या उन्हात एक दिवस मी शाळेतून आले तर त्या स्वयंपाकघरातल्या आपल्या स्टुलाशेजारी पडलेल्या. सलाइनच्या चार बाटल्या लागल्या. वय एक्याऐंशी.

मग माझे दीर, स्वरूपभावजी, बेळगावहून आले आणि सगळ्यांना बसवून म्हणाले, "मेच्या शेवटच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. आईला टिळकवाडीला नेतो. आमच्याकडे दिवसभर घरात माणूस असतं."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर आड हाय काय रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"बस्तीच्या देवळातल्या आडाचं पाणी कॅननं आणू की, आई."

"आणि जिवाणी? ती काय लिफ्टनं खाली सोडणार?"

भावजी तसं चुकीचं काहीच सांगत नव्हते. आत्याबाईही वाद घालायच्या थांबल्या. चार दिवसांनी पाहिलं तर त्यांनी कॉटखाली बॅग भरून ठेवली होती. चार लुगडी, जपमाळ, आणि गाळण्याच्या नव्या कापडाची घडी. आमचं दोघींचं रोज भांडण होतं. दुधावरून, टीव्हीवरून, मी केस कापले त्यावरून. पण ती बॅग बघून मी मोरीत जाऊन रडले. या बाईशिवाय या घरात मी भांडू कुणाशी?

त्याच महिन्यात आमचे नळ बदलायचे होते. भिंतीतले लोखंडी पाइप आतून गंजून निम्मे भरलेले. सकाळी पहिलं पाणी चहाच्या रंगाचं यायचं. भावकू दोन दिवस उशिरा आला आणि छिन्नी-हातोडा घेऊन स्वयंपाकघराची भिंत फोडू लागला. आत्याबाई स्टुलावर बसून बघत होत्या. जुना पाइप निघाला तेव्हा भावकूनं तो डोळ्याला लावून आतून बघितला आणि म्हणाला, "आक्का, ह्येची बी अँजिओप्लास्टी करायची येळ टळून गेल्या."

आत्याबाई हसल्या. मग त्याच हसण्यात म्हणाल्या, "नवं पाइप बसव चांगलं. मी काय आता हितलं पाणी बघायला न्हाय. मी चाललो बेळगावला."

भावकूचा हातोडा थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो तडक अंगणात गेला, दोरीला दगड बांधून आडात सोडला, दोरी हातानं मोजली, आणि आत येऊन म्हणाला, "अठरा फूट. आडापास्नं भिंत पंधरा फूट. बाई, हापसा बसवूया. हितंच, आक्कांच्या स्टुलापाशी."

"त्यापेक्षा छोटी मोटर बसवू," विनय म्हणाले.

"बेडा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना राग आला की त्या कन्नडात नको म्हणतात. "मोटारीत जीव चिरडत्यात."

हापशाचा त्यांनी एक रात्र विचार केला. त्यांच्यापेक्षा कडक पाळणाऱ्यांना हापसाही चालायचा नाही. पण आत्याबाईंचा नेम आत्याबाईंचा. सकाळी म्हणाल्या, "हातानं उपसल्यालं चालंल."

भावकूला पंख फुटले. नळांचं काम बाजूला टाकून तो हापशाच्या मागं लागला. भिंतीला भोक पाडून आडापर्यंत पाइप नेला, तळाला जाळीची झडप लावली, ओट्याच्या कडेला हापसा घट्ट केला. दांडा लांब ठेवला, म्हणजे आत्याबाईंना बसल्या जागी हलका जावा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बघा आक्का! आड तुमच्या मांडीवर आणून ठेवला."

आत्याबाईंनी हापसा खालपासून वरपर्यंत बघितला. "आणलास खरा. पर जिवाणी परत कशी जाणार?"

भावकूचे हात कमरेवरून खाली आले. पाणी आणायची वाट त्यानं केली होती. पाणी परत जायची वाट गटाराशिवाय दुसरी असते हे तीस वर्षांच्या कामात त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो ओट्यावर बसला, अर्धा तास डोकं खाजवलं, मला दोनदा चहा करायला लावला. मग एकदम ओरडला, "जांबोटी!"

स्वयंपाकघर आडापेक्षा पाच पायऱ्या उंच. म्हणजे उतार होताच. त्यानं हापशाशेजारी एक नरसाळं बसवलं आणि तिथून आडाच्या काठापर्यंत दुसरा पाइप टाकला. काठापासून खाली सरळ सोडला तर पाणी आपटेल, म्हणून आडाच्या आतल्या भिंतीला नळी गोल गोल वळसे देत खाली नेली. "चोर्ला घाटागत," तो म्हणाला. "जीव हळूहळू वळणं घेत उतरत्यात." उरला प्रश्न टोकाचा. आडाचं पाणी मेमध्ये खाली, ऑगस्टात वर. नळीचं टोक नेहमी पाण्याला टेकलेलं हवं. भावकू घरी गेला आणि सुका भोपळा घेऊन आला, पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसला. नळीचं टोक त्यानं भोपळ्याला बांधलं. पाणी चढेल तसा भोपळा चढणार, उतरेल तसा उतरणार. मी वरून आडात वाकून बघितलं आणि मला मनापासून वाटलं, या माणसाला आमच्या शाळेत प्रयोगशाळेवर घ्यावं.

बुधवारी सकाळी चाचणी होती. रविवारी भावजी यायचे होते. भावकू त्या दिवशी अनवाणी आला. हापशात वरून तांब्याभर पाणी ओतलं, आत्याबाईंनी दांडा धरला, आणि चौथ्या हिसड्याला पाणी आलं. काय पाणी! स्वच्छ, गार, धारेला खंड नाही. तोंडाला बांधलेल्या कापडातून ते लोट्यात पडत होतं. आत्याबाईंनी कापड उलटं करून धुतलं, जिवाणी नरसाळ्यात सोडली. विनय आडाशी उभे होते, त्यांनी ओरडून सांगितलं, "आली, आई! भोपळ्याशी आली!" आत्याबाईंनी लोटा उचलला. पाच महिन्यांत स्वतः उपसलेलं पहिलं पाणी. ओठांशी नेता नेता त्या कौतुकानं म्हणाल्या, "लोण्यागत चालतोय रं हापसा. आत घातलंस तरी काय?"

"कातडं!" भावकू फुलून म्हणाला. "सादं न्हवं आक्का, नवी कोरी चप्पल कापली तुमच्यासाठनं. दट्ट्याला मोठी चकती लागती न्हवं. अख्खा तळ गेला."

लोटा हवेतच थांबला.

कुणीही सांगावं, जैन माणसाच्या नेमाच्या पाण्याला कातड्याचा स्पर्श चालत नाही. पूर्वी पखालीचं पाणी आमच्या घरांत यायचं नाही ते त्याचसाठी. भावकूला हे माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही. पण मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. एकोणीस वर्षं त्याची चप्पल बघत होते, अठ्ठावीस वर्षं सासूचा नेम बघत होते. दोन आणि दोन एकत्र करायचं मला सुचलं नाही, आणि मी गणित शिकवते.

आत्याबाईंनी लोटा ओट्यावर ठेवला. एक थेंबही घेतला नव्हता. "चपलेचं?" त्यांनी हळू विचारलं.

मी घाईघाईनं त्यांना समजावून सांगितलं, भावकूलाही सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला. आपल्या अनवाणी पायांकडे बघत तो म्हणाला, "आक्का, मग आनी एक सांगाय पायजे. गल्लीतल्या समद्या जैन घरांतनी माझंच कातडं हाय. आज न्हाय, तीस वर्सं."

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो बोलला नसता तर कुणाला कळलंही नसतं. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला, "अय्यय्यो" म्हणाल्या, आणि वॉकर ओढत आपल्या खोलीत गेल्या. भावकूनं हापसा खोलला, कातडं काढलं आणि हत्यारं उचलून निघून गेला. मी त्याच्यावर ओरडले नाही. तसं कधी होत नाही.

गुरुवारी बाजारातून येताना पाहिलं तर भावकू रायाप्पा अण्णांच्या मोरीत बसून नळ खोलत होता. सकाळपासून तो एकेका जैन घरी जात होता, आपण काय केलं ते सांगत होता, आणि कातडं काढून रबर बसवत होता. त्याच्या नावडत्या जावयाला स्वतःच्या हातानं घरात घेत होता म्हणा ना! आताच्या काळात सगळ्यांकडे पिण्याच्या पाण्याची मशीनं, कुणी मनावर घेत नव्हतं. रायाप्पा अण्णा तर ठसका लागेपर्यंत हसले. "भावकू, माझ्या बापानं तुझ्या चपलेचं पाणी पिऊन नव्वदी गाठली की रं! ऱ्हाऊ दे." भावकू हसला नाही. "आण्णा, तुमाला चालत असंल. मला कळल्यावर मला चालत न्हाय," म्हणाला आणि नळ पुरा खोललाच. अकरा घरं झाली. मी हे घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी जपमाळ थांबवली, सगळं ऐकलं, आणि परत जप सुरू केला.

शुक्रवारी भावकू आमच्याकडे आला. हापशाचा प्रत्येक भाग राख लावून, गरम पाण्यानं धुतला. दट्ट्याला बाजारातलं रबर लावलं. ते त्या जुन्या मापाच्या हापशाला बसेना, पाणी वर चढायच्या आत खाली. मग ट्रॅक्टरच्या ट्यूबची चकती कापली. ती चार हिसड्यांत उलटी झाली. शनिवारी जाड ट्यूब आणली, ती कुत्र्याच्या पिल्लासारखी कुईंकुईं करू लागली, पण पाणी काही आणेना. दुपारचे तीन वाजले. उद्या गाडी येणार. भावकू घामानं भिजलेला, मी रडकुंडीला आलेली.

"कातडं असतं तर..." तो पुटपुटला आणि जीभ चावली.

स्टुलावरच्या आत्याबाई बुधवारपासून त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी ती उलटलेली चकती हातात घेतली, दोन बोटांनी ताणून बघितली. "एकटं रबर लुळं पडतंय," त्या म्हणाल्या. "पोटात कायतरी पायजे. गोधडीत जुनेर घालतोय तसं." आणि मला म्हणाल्या, "अनुराधा, माझी बॅग आण."

मी बॅग आणली. त्यांनी चेन उघडली आणि गाळण्याच्या नव्या कापडाची घडी बाहेर काढली. टिळकवाडीला न्यायची होती तीच.

"आक्का, ह्ये तुमच्या नेमाचं..." भावकू मागं सरकला.

"मग? नेमाच्याच कामाला चाललंय. कातर दे."

त्यांनी स्वतः कापडाची गोल चकती कापली. भावकूनं ट्यूबच्या दोन चकत्या कापल्या, पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणलं, आणि मधे कापड, दोन्ही बाजूंना रबर असं चिकटवलं. दट्ट्याला सपाट चकती चालत नाही, कडा वर उचललेल्या हव्यात. तेही आत्याबाईंनीच सोडवलं. पितळेची आमटीची वाटी पालथी घातली, त्यावर ती चकती दाबून बसवली आणि सुतळीनं आवळून बांधली. "सकाळपातुर हात लावू नगा," म्हणाल्या. त्या रात्री आमच्या ओट्यावर ती बांधलेली वाटी होती, आणि विनय दोनदा उठून तिला बघून आले.

रविवारी भावकू सातला आला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. चकती सोडवली, वास जाईपर्यंत दोनदा उकळली, कडा कातरल्या, दट्ट्याला बसवली. तेवढ्यात दारात गाडी थांबली. स्वरूपभावजी मागच्या सीटसाठी मऊ उशी घेऊन आले होते. "आई, आवरलं का?"

"हितं ये आधी," आत्याबाईंनी आतून सांगितलं.

त्यांनी दांडा धरला. पहिला हिसडा कोरडा, दुसरा कोरडा. तिसऱ्याला हापशाच्या पोटात घरघर झाली. मी डोळे मिटून घेतले. पाण्याचा आवाज आला तेव्हा उघडले. धार येत होती, खंड नसलेली, बुधवारसारखीच. आत्याबाईंनी लोटा भरला, कापड उलटं करून धुतलं, जिवाणी नरसाळ्यात सोडली. भावजी काही न कळून बघत होते, विनयनी त्यांना हाताला धरून आडाशी नेलं आणि भोपळा दाखवला.

मला वाटलं, आता त्या लोटा उचलतील. पण त्यांनी लोटा बाजूला सारला आणि दोन्ही हात कापडाखाली धरले.

"भावकू," त्या म्हणाल्या, "तुझी रीत न्हवं काय रं? एकुणीस वर्सं ऱ्हायलीया. सोड हातावर."

भावकूनं दांडा धरला. दोन्ही हातांनी, जपून. पाणी कापडातून गाळून त्या सुरकुतलेल्या ओंजळीत पडलं. आत्याबाई ते प्यायल्या, परत ओंजळ धरली, परत प्यायल्या. सहा ओंजळी मी मोजल्या. मग तोंड पुसून त्या हसल्या, सगळे नसलेले दात दिसतील असं. भावकू हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "आक्का, ह्येला मातूर माझ्याकडं वायसर न्हाय," तो म्हणाला आणि आम्ही सगळे हसत सुटलो.

भावजी जेवून, सुपारी खाऊन, संध्याकाळी उशी परत घेऊन गेले. बॅग मी कॉटखालून काढून माळ्यावर टाकली.

आता आत्याबाई दिवसाला आठ लोटे पाणी पितात आणि माझ्याशी दुप्पट जोरानं भांडतात. दुपारी त्या ओट्याशी बसून भावकूसाठी चकत्या करतात. दट्ट्याच्या, नळाच्या, कॉकच्या. भावकूकडे आता दोन डब्या आहेत. एकीत कातडं, जिथं चालतं तिथलं. दुसरीत आक्कांचा माल. कातडं कमी लागतं म्हणून चपलेला भोकं कमी पडतात, आणि मंगल मला म्हणाली की नवरा परत लग्नातल्यासारखा दिसायला लागलाय.

गेल्या आठवड्यात स्वरूपभावजींचा फोन आला. टिळकवाडीच्या फ्लॅटमधला स्वयंपाकघराचा नळ महिनाभर गळतोय, तिथले दोन प्लंबर येऊन गेले, काही उपयोग नाही. भावकूला पाठवता का? भावकू बेळगावच्या बसला निघताना आत्याबाईंनी त्याला थांबवलं, आपल्या हातच्या चकत्यांतली एक निवडून, दोनदा ताणून बघून त्याच्या तळहातावर ठेवली.

"स्वरूपला सांग," त्या म्हणाल्या, "आई यायची ठरलीती न्हवं? ही आली म्हणावं. चांगली बारा वर्सं ठिवून घे."